क्यूबेसमधली जुनी गाणी व्हीएसटी ३ वर आणताना: माझा अनुभव

क्यूबेस हे संगणकावर गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर, प्लग-इन म्हणजे त्यात जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, आणि व्हीएसटी हा त्या प्लग-इनचा एक प्रकार. जानेवारी २०२२ मध्ये क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गने जाहीर केलं की २४ महिन्यांत क्यूबेस, न्युएन्डो आणि बाकीच्या सॉफ्टवेअरमधून व्हीएसटी २ प्लग-इनचा आधार काढून टाकणार. हे काही अचानक ठरलं नव्हतं. व्हीएसटी ३ तर २००८ मध्येच आलं, २०१३ मध्ये जुन्या एसडीकेची, म्हणजे प्लग-इन बनवायच्या साधनसंचाची, देखभाल थांबली, आणि ऑक्टोबर २०१८ पासून नव्या डेव्हलपरला व्हीएसटी २ चा परवाना मिळणं बंद झालं. नवीन गाण्याला याचा त्रास नाही. त्रास आहे तो जुन्या प्रोजेक्ट फायलींचा. माइकवर घेतलेला तबला, पेटी, गळा सुरक्षित आहे, कारण तो ऑडिओ आहे. सिंथ, पॅड, सॅम्पलर आणि मिक्समधले इफेक्ट मात्र प्लग-इन उघडलं तरच वाजतात.

म्हणून सगळी कामं जुनं क्यूबेस चालू असतानाच उरकायची, हा पहिला नियम मी ठरवला. नवीन आवृत्ती शेजारी वेगळी बसते, जुनी काढावी लागत नाही.

सुरुवात यादीपासून. स्टुडिओ मेनूत व्हीएसटी प्लग-इन मॅनेजर उघडला की एसडीकेच्या रकान्यात प्रत्येक प्लग-इनपुढे आवृत्ती दिसते. जिथे २.४ किंवा त्याखालचा आकडा आहे, तेच आपलं गिऱ्हाईक. विंडोजवर ती डीएलएल फाइल असते आणि कुठल्याही फोल्डरात पडलेली असू शकते. व्हीएसटी ३ ची जागा ठरलेली आहे: प्रोग्रॅम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३. यादीचे मी तीन गट केले: व्हीएसटी ३ आवृत्ती मिळते ते, मिळत नाही ते, आणि ३२ बिटवाले. शेवटच्या गटाला क्यूबेस ९ पासूनच थारा नाही. जे-ब्रिजवर (३२ बिट प्लग-इन ६४ बिट सॉफ्टवेअरमध्ये चालवणाऱ्या जोडप्रोग्रॅमवर) तगून असलेले हे प्लग-इन थेट रेंडर करून, म्हणजे त्यांच्या आवाजाची ऑडिओ फाइल बनवून, मोकळं व्हावं, त्यांच्यावर वेळ घालवू नये.

पहिल्या गटात काही वेळा सगळं आपोआप होतं. व्हीएसटी २ प्लग-इनची ओळख म्हणजे चार अक्षरांचा कोड, तर व्हीएसटी ३ ची १२८ बिटांची. डेव्हलपरने नवी ओळख जुन्या कोडवरून बनवली असेल, तर क्यूबेस जुना प्रोजेक्ट उघडताना गुपचूप व्हीएसटी ३ लावतं आणि सेटिंगही येतात. तसं केलं नसेल, तर क्यूबेसच्या दृष्टीने ही दोन वेगळी प्लग-इन. नवं बसवलेलं असूनही जुनं सापडत नाही म्हणून तक्रार येते. अशा वेळी जुन्या क्यूबेसमध्ये प्लग-इनच्या स्वतःच्या खिडकीतल्या सेव्ह बटणाने प्रीसेट (सगळी सेटिंग एकत्र) साठवायचा आणि व्हीएसटी ३ मध्ये तिथूनच उघडायचा. होस्टच्या, म्हणजे क्यूबेसच्या, एफएक्सपी प्रीसेट फायलींवर भिस्त ठेवू नये. बदलाआधी प्रोजेक्ट नव्या नावाने सेव्ह करायचा, कारण एकदा व्हीएसटी ३ सकट सेव्ह झाला की परतीची वाट नसते.

आवाज तोच आहे का, हे कानावर सोडू नये. जुन्या क्यूबेसमधून तो ट्रॅक ३२ बिट फ्लोटमध्ये, प्रोजेक्टच्याच सॅम्पल रेटवर रेंडर केला. नवीन क्यूबेसमध्ये तो व्हीएसटी ३ च्या ट्रॅकशेजारी ठेवला, एकाचा फेज (ध्वनिलहर) उलटा केला, दोन्ही फेडर शून्यावर. दोन्ही मिळून शांतता झाली तर काम फत्ते. नुसता वरचा चरचराट उरला तर बहुधा ओव्हरसॅम्पलिंगचं (आतून जास्त सॅम्पल रेटवर काम करण्याचं) सेटिंग वेगळं असतं. सगळा आवाज पोकळ होऊन उरला तर वेळेत काही सॅम्पलचा फरक आहे. कोरस आणि मॉड्युलेशन असलेला रिव्हर्ब मात्र बहुधा पूर्ण रद्द होत नाही, कारण त्यांचा एलएफओ (आवाज संथपणे हलवणारी आतली लहर) बऱ्याचदा दरवेळी वेगळ्या जागेवरून सुरू होतो. तिथे कानच वापरायचा.

त्यानंतर ऑटोमेशन, म्हणजे गाणं वाजताना सेटिंग आपोआप बदलण्यासाठी काढलेल्या रेषा. व्हीएसटी २ मध्ये पॅरामीटर क्रमांकाने ओळखला जायचा, व्हीएसटी ३ मध्ये स्वतंत्र आयडीने. जुळवणी चुकली की फिल्टरसाठी काढलेली रेष रेझोनन्सला चिकटते. प्रत्येक लेनचं नाव वाचा. सस्टेन पेडल, म्हणजे मिडीतला (कीबोर्डचे सूर आणि हालचाली नोंदणाऱ्या संदेशांमधला) कंट्रोल क्रमांक सीसी ६४, आणि मॉड व्हील, म्हणजे सीसी १, हेही तपासा: व्हीएसटी ३ मध्ये हे संदेश थेट पोचत नाहीत, प्लग-इनने त्यांची जोडणी जाहीर करावी लागते.

एक गोष्ट फार जणांना गोंधळात टाकते. प्रेफरन्सेसमध्ये व्हीएसटी, मग प्लग-इन्स इथे एक खूण असते: सिग्नल येत नसेल तेव्हा व्हीएसटी ३ प्लग-इनला विश्रांती द्यायची. सीपीयूसाठी ती उत्तम, पण ज्या रिव्हर्बने आपल्या शेपटीची, म्हणजे मागे रेंगाळणाऱ्या आवाजाची, लांबी चुकीची कळवली आहे त्याची शेपूट मध्येच तुटते, आणि जुन्या रेकॉर्डची खरखर देणारं प्लग-इन गाणं थांबल्याबरोबर मुकं होतं. असं दिसलं की ती खूण काढायची. साइडचेनसाठी, म्हणजे एका ट्रॅकच्या आवाजाने दुसऱ्यावरचा इफेक्ट चालवण्यासाठी, चार चॅनेलच्या ग्रुपची जुनी युक्ती वापरली असेल तर ते राउटिंग मोडून व्हीएसटी ३ च्या साइडचेन बटणाने नव्याने जोडावं लागतं.

ज्यांची व्हीएसटी ३ आवृत्तीच नाही त्यांच्यासाठी दोन वाटा. ब्लू कॅटचं पॅचवर्क किंवा डीडीएमएफचं मेटाप्लगइन हे स्वतः व्हीएसटी ३ आहेत आणि आत व्हीएसटी २ चालवतात. पण ऑटोमेशन त्यांच्या पॅरामीटरमधून नव्याने बांधावं लागतं. दुसरी वाट, आणि मला तीच जास्त पटते, रेंडर इन प्लेस, म्हणजे ट्रॅक प्रोजेक्टमध्येच ऑडिओ करणं: एकदा इफेक्टसकट, एकदा इफेक्टशिवाय. मूळ मिडी म्यूट करून प्रोजेक्टमध्येच ठेवायचं. सहा महिन्यांनी गायिका म्हणते, पट्टी काळी दोनवरून पांढरी दोनवर घ्या. तेव्हा मिडी नसेल तर ऑडिओ ताणत बसावं लागतं. मिडीशेजारी प्रीसेटचं नाव आणि पडद्याचं चित्रही ठेवा, म्हणजे दुसऱ्या सिंथवर तो आवाज पुन्हा बांधता येतो.

ॲपल सिलिकॉनच्या (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर क्यूबेस मूळ पद्धतीने चालवलं की व्हीएसटी २ यादीत येतच नाही. फाइंडरमध्ये क्यूबेसच्या गेट इन्फोत रोझेटाची (इंटेल मॅकचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीची) खूण करून उघडलं, तर क्यूबेस १२ मध्ये ती वाजतात. ही सवलत रेंडरपुरतीच धरा: पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच, असं ॲपलने सांगून ठेवलं आहे.

रीपर, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ या क्यूबेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरनी व्हीएसटी २ चा आधार ठेवला आहे, पण क्यूबेसचा प्रोजेक्ट त्यांत उघडत नाही. न्यायचं झालं तर स्टेम (प्रत्येक ट्रॅकची वेगळी ऑडिओ फाइल) आणि मिडी. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हीएसटी ३.८ चा एसडीके एमआयटी परवान्याखाली खुला झाला, त्यामुळे एकेकट्याने फुकट प्लग-इन बनवणाऱ्यांनाही आता परवान्याची अडचण राहिलेली नाही. आवडतं प्लग-इन कायमचं बंद धरण्याआधी त्याच्या निर्मात्याला एक मेल जरूर टाका.