पिवळी, लाल, काळी: कारमध्ये रेडिओ जोडताना

सिंगल डिन (डॅशबोर्डच्या एका खाचेत बसणारा, कमी उंचीचा) रेडिओ बसवायचा होता. गाडीच्या कपलरला (वायरींच्या प्लगला) बसणारा अडॅप्टर मिळत असेल तर वायर कापूच नये. माझ्या जुन्या हॅचबॅकचा कपलर कुणीतरी आधीच छाटला होता, म्हणून एकेक वायर मल्टिमीटरने शोधली.

किल्ली काढलेली असतानाही 12.5 व्होल्ट दाखवणारी वायर रेडिओच्या पिवळीला. किल्ली ॲक्सेसरीवर आल्यावरच जिवंत होणारी, लालला. पार्किंग लाइट लावल्यावर जागी होणारी तिसरी एक असते. ती चुकून लालला दिली की रेडिओ लाइट लावल्याशिवाय बोलत नाही. पिवळी-लालची अदलाबदल झाली तर किल्ली काढताच सेव्ह केलेली स्टेशनं पुसली जातात. दोन्ही कायम सप्लायला दिल्या तर बंद करायला विसरलेला सेट चालूच राहतो आणि बॅटरी बसते.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढून जोडणी. मुख्य करंट पिवळीतून जातो, म्हणून तिला 1.5 चौरस मिमीची वायर आणि सेटच्या मागे आहे तेवढाच, 10 अँपिअरचा फ्यूज. होल्डर सप्लायच्या टोकाजवळ. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. सांधे क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. वायरी पिळून टेप गुंडाळायची पद्धत मला पटत नाही: मे महिन्यात बंद गाडीत टेपचा डिंक पाघळतो.

खरा त्रास काळीने, म्हणजे रेडिओच्या अर्थच्या वायरने दिला. ती डॅशबोर्डच्या रंगवलेल्या पट्टीला कसली होती. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी चढायची. आवाज वाढवून सेटची बॉडी आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मोजलं, तर 0.6 व्होल्ट, म्हणजे अर्थ कच्चा. गाडीच्या बॉडीवरच्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत घासला, तिथे काळीचं रिंग टर्मिनल कसलं, 0.05 वर आलं, शिट्टी गेली.

स्पीकरची काळ्या पट्टीची वायर निगेटिव्ह असली तरी गाडीच्या बॉडीला कधीच लावायची नाही, सेटचा ॲम्प्लिफायर उडतो. खुणा नसलेल्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) बाहेर आला की सेलचं प्लस जिथे, तेच स्पीकरचं प्लस. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाज येतो, पण बेस नाहीसा होतो.

एफएम तरी खरखरतच होतं. अँटेनाच्या बुडाशी बूस्टर (सिग्नल वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर) निघाला. रेडिओची निळी, म्हणजे अँटेनाला सप्लाय देणारी वायर त्याला दिल्यावर स्टेशनं स्वच्छ लागली.