टंगस्टनमध्ये अडकलेलं ड्युटेरियम मोजताना

नखाएवढा टंगस्टनचा तुकडा, आणि त्यात किती ड्युटेरियम अडकलंय एवढंच सांगायचं होतं. त्या एका आकड्यापायी माझे कित्येक महिने गेले, पण तो आकडा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

फ्युजन रिॲक्टरचं, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या यंत्राचं, इंधन म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम, दोन्ही हायड्रोजनचीच रूपं. प्लाझ्मासमोरच्या, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूसमोरच्या, भिंतीला टंगस्टन हा धातू लावतात, कारण ते वितळायला ३४२२ अंश सेल्सिअस लागतात. धड टंगस्टनमध्ये हायड्रोजन फारसा विरघळतही नाही. पण फ्युजनमधून सुटलेले १४.१ एमईव्ही इतक्या ऊर्जेचे न्यूट्रॉन आदळले की धातूच्या स्फटिकजाळीतले अणू जागचे उडतात, मागे रिकाम्या जागा उरतात आणि हायड्रोजन तिथे ठाण मांडतो. ट्रिटियम किरणोत्सारी आणि दुर्मिळ. ते भिंतीत मुरत गेलं, तर इंधनही जातं आणि सुरक्षेचा प्रश्नही उभा राहतो.

तसे न्यूट्रॉन हाताशी नसतात, म्हणून आम्ही जड आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करतो. नुकसान वरच्या एक-दोन मायक्रॉनपुरतंच होतं, पण नमुना किरणोत्सारी होत नाही. आधी आरशासारखं पॉलिश, मग पॉलिशनेच झालेली इजा धातूच्या आत राहू नये म्हणून व्हॅक्यूममध्ये तापवणं, मग आयन, मग ड्युटेरियमचा प्लाझ्मा. प्लाझ्माची ऊर्जा कमी ठेवायची, नाहीतर तोच नवी इजा करतो.

शेवटी नमुना मिनिटाला काही अंश असा तापवायचा आणि सुटणारा वायू मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणू वस्तुमानानुसार वेगळे मोजणाऱ्या यंत्राने, मोजायचा. मारा न झालेल्या तुकड्याचा आलेख लवकर खाली बसला. मारा झालेल्याचा मात्र उतरायलाच तयार नव्हता. कितीतरी वेळ मी स्क्रीनसमोरून हलले नाही.

आकडे जुळवायला बसले तेव्हा पोटात गोळा आला. हेलियम-३ च्या बीमने (आयनांच्या झोताने) त्याच तुकड्यात आधी मोजलेलं ड्युटेरियम जास्त होतं आणि तापवून निघालेलं कमी. हे उलटं होतं. बीमला पृष्ठभागाखालचे काही मायक्रॉनच दिसतात, तापवल्यावर मात्र सगळा तुकडा रिकामा होतो. कमी येणं शक्यच नव्हतं.

चूक माझी होती. मी फक्त वस्तुमान ४ नोंदवत होते, म्हणजे दोन ड्युटेरियमची जोडी. पण चेंबरच्या स्टीलच्या भिंतींतून साधा हायड्रोजन सतत झिरपत असतो. नमुन्यावरचे बरेचसे ड्युटेरियम अणू त्याच्याशी जोडी जमवून वस्तुमान ३ म्हणून निघून गेले होते, काही पाण्याच्या रेणूतून. ते मी मोजलेच नव्हते.

तोच तुकडा पुन्हा तापवून उपयोग नव्हता. वायू गेलेला, आणि उष्णतेने रिकाम्या जागाही बऱ्याच भरून आलेल्या. नवे तुकडे, पॉलिशपासून सगळं पुन्हा. यावेळी चेंबर बरेच दिवस तापवून कोरडा केला, ठरावीक गळती असलेल्या बाटलीने यंत्राचं कॅलिब्रेशन केलं, आणि २, ३, ४, १८, १९, २० अशी सगळी वस्तुमानं लावली, शेवटची तीन पाण्यासाठी. पाण्याचं मोजमाप अजूनही मला सर्वांत कच्चं वाटतं.

वस्तुमान ३ चा आलेख बुटका होता, पण शेपूट लांबवर गेलेली. वस्तुमान ३ आणि ४ मिळवल्यावर बेरीज बीमच्या आकड्याच्या थोडी वर आली, जशी यायला हवी तशी. वहीत तारीख टाकली आणि पुढचा तुकडा आत सरकवला.