वाऱ्याचा काटा हलला!

आजचा अख्खा रविवार बेलापूर खाडीजवळ काकांच्या शिडाच्या बोटीवर गेला, डोलकाठीच्या टोकावरचं वाऱ्याचं जुनं मीटर खाली काढलं एकदाचं. तीन छोट्या वाट्या आणि दिशा दाखवणारं पातं, वाट्या फिरल्या की आत लोहचुंबक फिरतं आणि स्विच दर फेरीला उघडबंद होतो, त्या ठोक्यांवरून कॉकपिटमधल्या डायलचा काटा वारा किती नॉट ते सांगतो, 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी. बेअरिंग खाऱ्या हवेने पार जाम झालेलं. दुकानदार म्हणालेला नवीन वायरलेस घ्या, डोलकाठीतून वायर ओढायची कटकटच नाही, आणि त्याचं खोटं नाहीये, पण तो पितळी कडेचा डायल काढून तिथे स्क्रीन लावायची हे मला सहनच होईना. मग नवं बेअरिंग बसवलं, कनेक्टरवरचा हिरवा गंज घासला, दोन वायरी परत सोल्डर केल्या. संध्याकाळी खाडीवरून वारं आलं आणि काटा थरथरत 8 वर गेला!! काका काही बोललेच नाहीत, नुसते बघत बसले कितीतरी वेळ. दिशेचा काटा अजून मध्येच अडकतोय, त्याचं पुढच्या रविवारी बघतो.