ओमाहाच्या थिएटरातून शिकागोच्या एका घरात: वुर्लिट्झर ऐकायला जाताना

शिकागोच्या वायव्येला, शहरापासून चाळीसेक मैलांवर बॅरिंग्टन हिल्स लागतं. मोठमोठ्या जमिनी, कुंपणं, अधूनमधून घोडे. रस्त्यावरून जाताना थांबावं असं काही दिसत नाही. तरीही या भागात पाहुणे आले की मी त्यांच्या मागे लागतो, की धबधबे आणि आउटलेट मॉल राहू द्यात, आधी 'प्लास द ला म्युझिक'चं तिकीट मिळतंय का बघा.

हे जॅस्पर सॅनफिलिपो यांचं घर, आणि इथे आहे मूकपटांच्या थिएटरात वाजायचा तसला, वुर्लिट्झर कंपनीचा भलामोठा ऑर्गन. सुक्यामेव्याच्या धंद्यात पैसा कमावला आणि तो जुन्या यांत्रिक वाद्यांवर उधळला, असे गृहस्थ. 2020 मध्ये ते गेले. आता सगळं सॅनफिलिपो फाउंडेशन सांभाळतं आणि सामाजिक संस्थांना निधी मिळावा म्हणून तिथे कार्यक्रम होतात. आमच्यासारख्यांना दार उघडतं ते असं.

त्यामुळे पहिली गोष्ट: हे संग्रहालय नाही. रविवारी जेवून सहज चक्कर मारू म्हणून निघालात तर फाटकावरूनच परत याल. मैफल किंवा टूर, काहीही असो, तिकीट आधीच काढावं लागतं. तारखा थोड्या असतात, चांगल्या वादकाच्या मैफलीची तिकिटं भराभर संपतात. मुलं बरोबर असतील तर वयाची अट आहे का, आणि आजी-आजोबा असतील तर चालणं किती, पायऱ्या किती, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. घर अवाढव्य आहे, पाय दुखतात.

गाडी असेल तर सोपं. शॉमबर्ग उपनगराकडच्या मंडळींना तर हे अगदी उशाशी. गाडी नसेल तर शिकागोच्या ओगिलव्ही स्टेशनवरून मेट्रा या लोकल रेल्वेची युनियन पॅसिफिक नॉर्थवेस्ट लाइन पकडा, बॅरिंग्टनला उतरा आणि पुढे टॅक्सी करा. येतानाची टॅक्सी मात्र जाण्याआधीच ठरवून ठेवा. रात्री मैफल सुटल्यावर त्या झाडीत उभं राहून फोनवर गाडी शोधण्यात मजा नाही.

आता ऑर्गनबद्दल. आपल्या डोक्यातला ऑर्गन म्हणजे संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा, पितळी सुरांचा. इथे सूर नळ्यांतून येतो. लाकडाच्या, धातूच्या, पेन्सिलीएवढ्या ते चक्क 32 फुटी. एका आवाजाच्या लहान-मोठ्या नळ्यांची ओळ म्हणजे एक रँक. इथे अशा 80 रँक्स आहेत, नळ्या 8,000च्या आसपास. आणि त्यातली एकही वादकाजवळ नाही! बहुतेक नळ्या समोरच्या भिंतीआड, कित्येक मजले उंच खोल्यांत आहेत.

या वाद्याचा गाभा आला नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाच्या रिव्हिएरा थिएटरातून. ते थिएटर उघडलं 1927 साली. मूकपटांचा जमाना होता, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडाची वुर्लिट्झर कंपनी ही वाद्यं धडाक्याने बनवत होती. अख्खा वाद्यवृंद पोसण्यापेक्षा एक वादक स्वस्त, हा सरळ हिशोब. त्याच वर्षी बोलपट आला आणि काही वर्षांत हिशोब उलटा झाला. वुर्लिट्झरने एकूण 2,200हून जास्त ऑर्गन बनवले. पुढे थिएटरं पडली, पार्किंग लॉट झाले, आणि वाद्यं मिळेल त्या भावाने निघाली. ज्यांनी ती उचलली, त्यांतल्या काहींनी घरात बसवली. वाद्य बसेना तर घर वाढवलं. सॅनफिलिपोंचा भव्य म्युझिक रूम हे त्या वेडाचं टोक. (रिव्हिएराची इमारत मात्र नशिबाने वाचली. आज तिथे रोज थिएटर नावाने मुलांची नाटकं होतात.)

मैफलीला थोडं लवकर जा आणि सुरू व्हायच्या आधी कन्सोल जवळून बघू देतात का विचारा. पाच कीबोर्ड पायऱ्यांसारखे एकावर एक, आणि भोवती घोड्याच्या नालेच्या आकारात शेकडो रंगीत कळा. रंग शोभेचे नाहीत. पांढऱ्या कळा साध्या नळ्यांच्या, लाल कळा जिभलीच्या (म्हणजे आत पातळ पट्टी थरथरते अशा) नळ्यांच्या, पिवळसर कळा व्हायोलिनसारख्या बारीक आवाजांच्या. हे ठाऊक असलं की वाजवताना वादकाचा हात कुठे जातो त्यावरून पुढे काय ऐकू येणार याचा अंदाज बांधता येतो. पायाखाली मंद्र सप्तकांच्या लांब पट्ट्या असतात. मोठ्या वादकाचे बूट बघत बसावं, इतके ते पाय चालतात.

वादकाच्या उजव्या पायाशी आवाजाची पेडल असतात. ती दाबली की भाता जोरात चालत नाही, वाऱ्याचा दाब आहे तोच राहतो. भिंतीतल्या उभ्या झडपा तेवढ्या उघडतात आणि आतला आवाज बाहेर लोटतो. झडपा हलताना बघायच्या असतील तर नजर कन्सोलवरून काढून वर न्या. बहुतेक लोक वादकाकडेच बघत बसतात आणि हे हुकतं.

जागा ठरलेल्या नसतील तर पुढच्या रांगेसाठी धावू नका. मध्ये किंवा मागे बसा. इतक्या नळ्यांचा आवाज एकत्र मिसळायला अंतर लागतं. 32 फुटी नळीचा खालचा सूर सेकंदाला सोळा-एक कंपनांचा, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदी तळाशी. तो कानाने कमी आणि खुर्चीच्या पाठीतून जास्त कळतो. ज्यांना मोठ्या आवाजाचा त्रास होतो त्यांनी कापूस खिशात ठेवावा, लाजू नये.

ढोल, झांजा, झायलोफोन, घंटा, सगळं खरं. हातोड्या हवेच्या दाबाने मारतात. मूकपटाला लागायचे ते टापांचे, शिट्ट्यांचे आवाजही आहेत. सिनेमाच्या ऑर्गनमधला पक्षी कसा गातो माहीत आहे? बारीक नळीचं तोंड द्रवाच्या वाटीत बुडवलेलं असतं, वारा सोडला की बुडबुडतं. टूरवर असाल तर ही वाटी दाखवा म्हणून आग्रह धरा.

आत हवा थंड वाटली तर कुरकुर करू नका. तापमान बदललं की साध्या नळ्यांचा सूर सरकतो, जिभलीच्या नळ्यांचा तितका सरकत नाही, आणि ऑर्गन आपसातच बेसूर होतो. जुलैतही शाल किंवा जॅकेट असू द्या.

एक मत मांडतो, पटलं तर घ्या. ओमाहात वाजायचं ते वाद्य आता इथे नाही. त्याच्यात इतक्या ठिकाणच्या आणि इतक्या नव्या नळ्या मिसळल्यात, कन्सोल बदललाय, विजेच्या जुन्या जोडण्यांऐवजी संगणक आलाय, की 'जतन' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हे नवंच वाद्य आहे, जुन्याच्या जिवावर उभं राहिलेलं, आणि ऐकायला जबरदस्त. पण नुसतं हेच ऐकून सिनेमाचा ऑर्गन असा असायचा असं समजलात, तर फसाल. कुठल्याच थिएटरात 80 रँक्सचा वुर्लिट्झर नव्हता.

म्हणून शिकागोत असताना स्टेट स्ट्रीटवरच्या शिकागो थिएटरलाही जा. 1921चं थिएटर, आणि वुर्लिट्झर तिथे अजून मूळ घरातच आहे. ओगिलव्हीहून चालत वीसेक मिनिटं. थिएटरच्या टूरमध्ये इमारत दिसते, पण ऑर्गन वाजेलच असं नाही. तो ऐकायचा तर कार्यक्रमाची तारीख धरावी लागेल. अशा तारखांसाठी शिकागो एरिया थिएटर ऑर्गन एन्थुझियास्ट्स या हौशी मंडळींच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

बॅरिंग्टनला टूर घेतलीत तर 'एडन पॅले' हा 1890च्या सुमाराचा फ्रेंच बनावटीचा, लाकडी घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा स्वतंत्र इमारतीत आहे. त्याला वेळ राखून ठेवा. ऑर्गनपाशी रमणाऱ्यांचा तिथे पोचेपर्यंत परतीचा वेळ होतो, आणि मुलं घरी येईपर्यंत बोलणी ऐकवतात.