स्टेजच्या कडेला

‘तुम्ही गाता का?’ रॉक शोच्या बॅकस्टेजला मला हमखास विचारतात. मी गात नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा, एवढं बघते. मॉनिटर इंजिनिअर.

शिकले गिरगावात, मामाच्या साउंडच्या गोदामात. १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला तो मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात. मामा भिंतीबाहेर उभा राहून ऐकायचा. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथले शो बंद पडले, त्याचा राग त्याला अजून आहे.

पहिलं वर्षभर मी फक्त केबल गुंडाळल्या. कोपरावर गुंडाळली की मामा ओरडायचा, ‘पोरी, सुंभ आहे का तो?’ एक वेटोळं सुलटं, एक उलटं. मग केबलला पीळ पडत नाही. दुसऱ्या वर्षी ड्रमला माइक लावले. ‘ताई, तुम्ही बाजूला व्हा’ थांबायला मात्र तिसरं वर्ष उजाडलं.

मग वांद्र्याच्या एका छोट्या हॉलमध्ये नेहमीचा इंजिनिअर तापाने आडवा झाला आणि मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, माझ्या गळ्यात पडले. बेस गिटार जोडल्याबरोबर घूंऽऽ. ५० हर्ट्झचा हम. बेसचा अँप (अँप्लिफायर) स्टेजमागच्या सॉकेटवर, मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या होत्या, त्यातूनच हा हम. हॉलचा इलेक्ट्रिशियन पक्कड घेऊन प्लगची अर्थची पिनच उपटायला आला. मी त्याचा हात धरला. तसं केलं की हम जातोही, पण अँपमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारा हातात आणि माइक ओठाला असलेल्या माणसाला झटका बसतो. बेसचा सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या डबीचं, डीआय बॉक्सचं, ग्राउंड लिफ्ट दाबलं; हे बटण फक्त सिग्नलच्या केबलमधली अर्थची जोडणी सोडवतं. हम थोडा कमी झाला. शेवटी अँपलाही मिक्सरच्याच बोर्डावरून लाइन ओढली. शांत.

गायकाला आवाज वाढवून हवा होता. वाढवला की माइक शिट्टी मारायचा. साधा शुअर एसएम ५८. त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, आणि वेज, म्हणजे गायकासमोर जमिनीवर ठेवलेला मॉनिटर, पडला होता तिरका. तो माइकच्या बरोबर पाठीमागे सरकवला. वर पठ्ठ्याने माइकची जाळी मुठीत धरलेली, त्यानेही शिट्टी वाढते. ‘दांडा धरा, डोकं नको,’ म्हटलं. त्याने मुकाट्याने ऐकलं.

शोभर त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. सामान टेम्पोत भरेपर्यंत शेवटची लोकल गेली होती. टॅक्सीतून मामाला फोन लावला, सगळं सांगितलं. त्याने शोबद्दल अवाक्षर विचारलं नाही.

‘बोर्डापासून लाइन ओढलीस ती किती फुटांची?’