पेटंट नेमके कशाचे, हे तुम्ही विचारलेत म्हणून

लोखंड, कार्बन, नायोबियम यांपैकी काहीच तुमचे नाही, मग पेटंट कशाचे, असे मला वारंवार विचारले जाते, आणि विचारणाऱ्यांत धातुशास्त्र शिकलेलेही असतात.

मोटारीच्या दरवाजाचा पत्रा प्रेसखाली मऊ असावा लागतो आणि रंगाच्या भट्टीतून निघताना कडक. त्यासाठी पोलादात दहा लाख भागांत जेमतेम 15 ते 20 भाग कार्बन मोकळा ठेवतात; 170 अंशांच्या भट्टीत तो 20 मिनिटांत डिसलोकेशनना, म्हणजे ज्या सरकल्याने धातू वाकतो त्या स्फटिकांतील दोषरेषांना, खिळवून टाकतो. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी 1949 मध्येच ही मीमांसा मांडली होती, त्यावर मी हक्क सांगितलेलाच नाही. कार्बन थोडा जास्त मोकळा राहिला तर गोदामातच एजिंग होते, म्हणजे पत्रा वेळेआधीच कडक होऊ लागतो, आणि प्रेस केलेल्या पत्र्यावर रंगाखालीही न लपणारे ताणाचे वण उमटतात. नायोबियम या धातूने बांधलेला कार्बन ॲनिलिंगच्या (पत्रा तापवून मऊ करण्याच्या) वरच्या तापमानाला थोडासा सोडवायचा आणि पत्रा झपाट्याने थंड करून तेवढाच मोकळा राखायचा, एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात माझे काम आहे.

सुनावणीत पेटंट कार्यालयाच्या एक्झामिनरने जुनी जपानी पेटंटे समोर ठेवली. प्रत्येक घटकाचे प्रमाण कुठल्या ना कुठल्या पेटंटात सापडत होते, त्यामुळे 1970 च्या पेटंट कायद्यातील कलम 3 नुसार ही ज्ञात घटकांची नुसती सरमिसळ ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. रचनेवरचा क्लेम, म्हणजे घटकांच्या प्रमाणावर मागितलेला हक्क, सोडा, तापमान आणि थंड करण्याची गती एवढेच धरा, असे आमच्या वकिलांनी सुचवले. रचना आणि प्रक्रिया वेगळ्या काढता येत नाहीत, हे मी परोपरीने सांगत असतानाच कंपनीच्या प्रतिनिधीने मान डोलावली आणि रचनेचा तो पहिला क्लेम गेला; माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. हक्कपत्र कंपनीचे होते, तेव्हा त्यांना तो अधिकार होताच. मी मात्र त्या संध्याकाळी सहकाऱ्यांना, आपले निम्मे काम फुकट गेले, असे सांगितले.

आज वाटते, त्या रुंद क्लेममधील प्रमाणांच्या दोन्ही टोकांना आम्ही पत्रा कधी काढलाच नव्हता. ती टोके हिशेबाने ठरवलेली होती. मग एक्झामिनर बरोबर होता का? तेवढे मानायला मी तयार नाही, कारण ती जुनी पेटंटे वाचून आमच्या लाइनवर हा पत्रा कोणालाही काढता आला नसता. आता दुसरीकडे थोड्या कमी गतीने थंड करून असाच पत्रा निघतो. तो आमच्या क्लेमबाहेरचा आहे. माझ्या कामाबाहेरचा आहे का, यावर त्याच सहकाऱ्यांशी माझा वाद अजून चालू आहे.