घोड्याला जागेवर भूल देताना

जागेवर भूल, म्हणजे हवा तेवढाच भाग बधिर करणारी भूल, दिली की जनावराला काही धोका नाही, अशी समजूत घोडेमालकांमध्ये आढळते आणि ती निम्मीच खरी आहे. पाचशे किलोंच्या घोड्याला आडवे पाडून पूर्ण भूल देणे अधिक जोखमीचे असल्याने शक्य तेथे उभ्यानेच शस्त्रक्रिया उरकणे इष्ट. मात्र पशुवैद्यक या नात्याने मला औषधाच्या विषारीपणाहून अधिक धास्ती वाटते ती बधिर झालेल्या अवयवाचे घोडा पुढे काय करील याची.

गुदद्वार किंवा योनीच्या शस्त्रक्रियेसाठी शेपटीच्या मुळाशी, मणक्यांच्या फटीतून २ टक्के लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध साधारण ५ ते ७ मिलिलिटर दिले जाते. थोड्या वेळाने शेपूट उचलून सोडली आणि ती दोरीसारखी लोंबली, की भूल लागली असे समजावे. मात्रा जास्त झाली, तर औषध पुढे सरकून मागच्या पायांच्या नसांपर्यंत पोहोचते आणि घोडा डुलू लागतो. गाय अशा वेळी बहुधा मुकाट्याने बसून घेते. घोड्याचा सारा भरवसा पळण्यावर, त्यामुळे पाय साथ देत नाहीत हे जाणवताच तो बिथरून धडपडतो आणि त्या पडण्यात हाडही मोडू शकते. म्हणूनच परिणाम दिसेना म्हणून घाईने दुसरी मात्रा टोचण्याचा मोह मला सर्वांत घातक वाटतो.

खालच्या दाढेसाठी जबड्याची नस बधिर करताना शेजारची जिभेची नसही कधी कधी बधिर होते, आणि भुकेला घोडा गवताबरोबर स्वतःची जीभ चावत राहतो. भूल पूर्ण उतरेपर्यंत त्याच्यापुढे वैरण टाकू नये, हे मोतद्दाराला बजावूनच सांगावे लागते. पापणीची नस बधिर केल्यास डोळ्याची उघडझाप थांबते. तेथे मलम हवेच.

खुद्द औषधाचे विष रक्तात वाढले, तर आधी स्नायू फडफडतात, मग तोल जातो आणि अखेरीस झटके येतात. पोटशूळाच्या शस्त्रक्रियेत पूर्ण भुलीखाली शिरेतून लिग्नोकेन चालू असते, तेव्हा ही पूर्वचिन्हे झाकली जातात. शिवाय उठताना घोडा लडखडू नये म्हणून ते शस्त्रक्रिया संपण्याच्या सुमारे ३० मिनिटे आधी बंद करण्याची पद्धत आहे. ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे दुसरे औषध मात्र शिरेत कधीच जाता कामा नये, कारण त्याचा घाव थेट हृदयावर बसतो; सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहण्यास काही सेकंदच लागतात.